खुब्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन: एकदा ठीक, पण दर तीन महिन्यांनी?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय ६२. दीड वर्षापासून उजव्या जांघेत दुखतं. मोजे घालताना, गाडीतून उतरताना, जिना चढताना जीव नको होतो. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्याची झीज 'मध्यम ते जास्त' अशी आली आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात आग पडते. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, "सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू. खुबा कधीतरी बदलावा लागेलच, पण घाई नाही." माझ्या जावेनं गुडघ्यात तीन वेळा घेतलं, तिला काही झालं नाही. भाचा फिजिओथेरपिस्ट आहे, तो म्हणतो, "मावशी, खुब्यात घेऊ नकोस, हाड खचतं." मी घाबरले आहे. हे इंजेक्शन सुरक्षित आहे का? आणि दर तीन महिन्यांनी घेत राहिले तर ऑपरेशन टळेल का?

एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

तुमची जाऊ खोटं बोलत नाही आणि भाचाही उगाच घाबरवत नाही. जाऊबाईंचा अनुभव गुडघ्याचा आहे. भाच्यानं जे वाचलंय ते बहुतेक खुब्याबद्दलचं आहे आणि ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. माझं मत आधीच सांगते. तुमच्या बाबतीत एक इंजेक्शन, मशीनवर बघत दिलेलं आणि ऑपरेशनचा अंदाज आधी बांधून घेतलेलं, याला माझी हरकत नाही. दर तीन महिन्यांनी घेत राहायचा विचार मात्र आजच सोडा. ऑपरेशन त्यानं टळत नाही, उलट लवकर ओढवू शकतं.

'स्टेरॉइड' म्हटलं की निम्मी भीती नावाचीच असते, म्हणून थोडं त्याबद्दल. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉइडं वेगळी. सांध्यात देतात ते कॉर्टिसोनच्या कुळातलं औषध, म्हणजे आपल्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज तयार करतात त्या संप्रेरकाचं भाऊबंद. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं आणि १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. थेट सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन सोडण्याचे अनुभव जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये मांडले. म्हणजे सत्तर वर्षांहून जुना उपाय आहे हा. जुना आहे म्हणून निर्धोक मानू नका, पण त्याचे गुणदोष बऱ्यापैकी ओळखीचे आहेत एवढं नक्की.

झिजलेल्या सांध्यात नुसती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पातळ होत नाही. सांध्याचं आतलं अस्तर चिडतं, सुजतं, पाणी धरतं. रात्रीचा ठणका आणि सकाळचा आखडलेपणा यात त्या सुजेचा मोठा वाटा असतो. स्टेरॉइड ही सूज उतरवतं. गेलेली कूर्चा ते परत आणत नाही आणि वाकडं झालेलं हाड सरळही करत नाही. हे ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

फायदा किती, ते बघू. २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडमधल्या १९९ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना खुब्याच्या झिजेचा त्रास होता. काहींना नेहमीचा सल्ला आणि व्यायाम दिला, काहींना त्यासोबत सोनोग्राफीवर बघून ४० मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि भुलीच्या औषधाचं एक इंजेक्शन. इंजेक्शनवाल्यांचं दुखणं सहा महिन्यांच्या काळात सरासरीनं कमी राहिलं, आणि सगळ्यात जास्त फरक दिसला तो दुसऱ्या आठवड्यात. नंतर तो हळूहळू ओसरत गेला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही रुग्णाला स्पष्ट सांगा असं म्हटलंय, की आराम दोन ते दहा आठवड्यांचा असतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये खुब्याच्या झिजेसाठी या इंजेक्शनची ठाम शिफारस केली, पण एक अट घातली: खुब्यात सुई जाईल ती सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीनंच.

ती अट का, हे समजून घ्या, कारण सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. गुडघा कातडीखाली लगेच हाताला लागतो, अनुभवी डॉक्टर नुसत्या बोटांनी चाचपून सुई घालू शकतात. खुबा स्नायूंच्या जाड थरांखाली खोल असतो, आणि त्याच्या पुढून मांडीची मोठी रक्तवाहिनी आणि मोठी नस जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती वाहिनी धडधडताना दिसते. तिला बाजूला ठेवून लांब, बारीक सुई तिरकी आत जाते, पडद्यावर ती एक चमकती रेघ दिसते, टोक मांडीच्या हाडाच्या मानेवर टेकतं आणि औषध सोडलं की सांध्याची पिशवी वर उचलली जाते. ती उचललेली दिसली म्हणजे औषध जागेवर पडलं. काही ठिकाणी हेच काम सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे मशीनखाली, थोडं रंगद्रव्य सोडून करतात, तेही उत्तम. पण कुणी टेबलावर झोपवून "अंदाजानं देतो, वर्षानुवर्षं देतोय" म्हणालं तर उठून घरी या. स्पष्ट बोलते आहे, राग मानू नका.

औषध आतल्या योग्य जागी पडलं तरी ते तुमच्या दुखण्याला लागू पडेलच असं नाही, कारण दुखणं खुब्याचंच आहे का हा प्रश्न उरतो. तुमचं दुखणं जांघेत आहे आणि मोजे घालताना वाढतं, ही दोन्ही खुब्याचीच लक्षणं. पण कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कुशीवर झोपल्यावर टोचतं, तिथलं दुखणं बहुतेक वेळा तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं असतं. आणि मागे, बसायच्या जागेपासून पायात उतरणारी कळ कंबरेची असते. हे सगळं लोक 'खुबा दुखतो' याच नावानं सांगतात आणि एक्स-रेत साठीनंतर थोडी झीज बऱ्याच जणांच्या दिसतेच. इथे इंजेक्शनचा एक छुपा उपयोग आहे. स्टेरॉइडसोबत जे भुलीचं औषध असतं ते काही मिनिटांत लागू होतं आणि काही तास टिकतं. त्या तासांत डॉक्टरांना विचारून, कुणाचा तरी आधार घेऊन चार पायऱ्या चढून बघा, मोजा घालून बघा, आणि दुखणं दहापैकी किती आहे ते कागदावर लिहा. एरवी सात असलेलं दुखणं दोनवर आलं तर चोर सापडला, दुखणं सांध्यातलंच आहे. काहीच फरक पडला नाही तर कंबर तपासायला हवी, आणि खुबा बदलण्याची घाई तर मुळीच करू नये. भूल उतरल्यावर दुखणं परत येईल, घाबरू नका. स्टेरॉइडचा गुण यायला दोन दिवसांपासून आठवडा लागतो.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे वळते.

स्टेरॉइडनं कूर्चेचं नुकसान होतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये गुडघ्याची एक चाचणी आली. १४० रुग्ण, निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, सलग दोन वर्षं. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झाली होती, मिठाच्या पाण्यावाल्यांची ०.१०. आणि दुखण्यात? दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. तुम्ही विचारलेला 'दर तीन महिन्यांनी' हाच बेत त्या चाचणीत अक्षरशः राबवला होता, ताई. कूर्चा गेली, आराम मिळाला नाही. जाऊबाईंनाही हे सांगा.

खुब्याबद्दलची धास्ती वाढली ती २०१९ पासून. बॉस्टनमधल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी आपल्याकडच्या एका वर्षातल्या ४५९ रुग्णांची नोंद तपासली. सगळ्यांना खुब्यात किंवा गुडघ्यात स्टेरॉइड दिलेलं होतं. त्यांतल्या ३६ जणांच्या, म्हणजे ८ टक्के लोकांच्या सांध्यात पुढे बिघाड दिसला: झीज झपाट्यानं वाढली, कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेला, हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मेला, किंवा हाड चक्क खचलं. गुडघ्यात हे प्रमाण ४ टक्के होतं, खुब्यात १० टक्के. भाचा म्हणतो ते हेच.

पण हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्या अभ्यासात इंजेक्शन न घेतलेल्यांचा गट तुलनेला नव्हता. इंजेक्शन घ्यायला कोण जातं? ज्याचं दुखणं आधीच वाढत चाललंय तो. त्यातल्या काहींच्या हाडाला आधीच तडा गेलेला असेल, खुबा आधीच खचायला लागलेला असेल, आणि त्याच वाढत्या दुखण्यानं त्यांना इंजेक्शनच्या टेबलापर्यंत आणलं असेल. त्यामुळे दहातल्या एकाचा खुबा इंजेक्शननं खचतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तरीही मी हा धोका उडवून लावणार नाही. २०२१ मध्ये आणखी एका अमेरिकन अभ्यासानं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्यांची तुलना केली, तेव्हा खुबा झपाट्यानं खचण्याचा संबंध इंजेक्शनशी दिसला, आणि मात्रा जास्त तितका, इंजेक्शनं जास्त तितका तो घट्ट होता. मात्रेबरोबर धोका चढत जातो तेव्हा औषधावरचा संशय बळावतो. म्हणून ८० मिलिग्रॅमऐवजी ४० आणि अनेकांऐवजी एक, हा माझा आग्रह.

यातूनच एक काम निघतं, जे इंजेक्शनच्या आधी करायचं. तुमचा एक्स-रे किती जुना आहे ते पत्रात लिहिलेलं नाही. तीन-चार महिन्यांहून जुना असेल तर नवा काढा, उभं राहून, दोन्ही खुब्यांचा. आणि स्वतःला विचारा: गेल्या काही आठवड्यांत दुखणं एकदम वाढलंय का? स्वस्थ पडून राहिल्यावरही ठणकतं का? पाय टेकवणं अचानक अशक्य झालंय का? यातलं काही असेल, किंवा एक्स-रेतली झीज थोडी आणि दुखणं मात्र अफाट असेल, तर आधी एमआरआय. हाडाला तडा असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर त्यात स्टेरॉइड घालणं म्हणजे दुखण्याची घंटा बंद करून त्याच पायावर भार टाकत राहणं. तुम्ही बासष्टच्या आहात, हाडांची घनता तपासली नसेल तर या निमित्तानं तपासून घ्या. ठिसूळ हाडात असा तडा लवकर जातो.

ऑपरेशनचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि दवाखान्यात तोच घाईत राहून जातो. खुबा बदलण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या सांध्यात स्टेरॉइड दिलेलं असेल, तर नव्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, असं बऱ्याच मोठ्या नोंदींमध्ये दिसलंय. कृत्रिम सांध्यातला जंतुसंसर्ग म्हणजे पुन्हा ऑपरेशन, कधीकधी सांधा काढून महिनोन् महिने प्रतिजैविकं. त्यामुळे बहुतेक शल्यचिकित्सक इंजेक्शननंतर किमान तीन महिने खुबा बदलत नाहीत. तुमचे डॉक्टर म्हणाले 'कधीतरी', तर त्यांना विचारा, कधीतरी म्हणजे कधी? सहा महिन्यांत की दोन-तीन वर्षांनी? ऑपरेशन चार महिन्यांवर आलं असेल तर मी इंजेक्शन घेणार नाही. दहा आठवडे बरे जातील आणि तारीख मात्र पुढे ढकलावी लागेल, किंवा त्याहून वाईट, कुणी विचारणारच नाही आणि ऑपरेशन होऊन जाईल. इंजेक्शनची तारीख, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे असू शकतात, भूल देणारे तर वेगळेच असतात.

जंतुसंसर्ग नुसत्या इंजेक्शननंही होऊ शकतो, पण तो फार क्वचित. नीट निर्जंतुक करून दिलेल्या हजार इंजेक्शनांत एकाच्याही वाट्याला तो सहसा येत नाही. येतो तेव्हा मात्र सांधा काही दिवसांत नासतो. म्हणून फरक ओळखायला शिका. इंजेक्शननंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर बहुधा औषधाच्या बारीक स्फटिकांनी सांधा चिडलेला असतो. (हे औषध दुधासारखं गढूळ असतं, बाटली नुसती ठेवली की खाली साका बसतो, तेच हे स्फटिक.) बर्फानं शेकलं, पाय विसावला की दोन-तीन दिवसांत ते उतरतं. पण दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सुरू झालं किंवा रोज चढतच गेलं, थंडी वाजून ताप आला, पाय जराही हलवता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि कुणी लगेच प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून घरी पाठवू लागलं तर सांध्यातलं पाणी काढून तपासायला सांगा, कारण आधी गोळ्या पोटात गेल्या की जंतू पकडणं अवघड होतं. त्या दिवशी अंगावर कुठे गळू, जांघेत खाजेची चट्टी, लघवीची जळजळ, दातात पू असं काही असेल, तर आधी ते बरं करायचं आणि इंजेक्शन पुढे ढकलायचं.

याच संदर्भात त्या इंग्लंडच्या चाचणीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. इंजेक्शन घेतलेल्या एका रुग्णाचा चार महिन्यांनी हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गानं मृत्यू झाला. त्या रुग्णाला कृत्रिम झडप बसवलेली होती, आणि मृत्यूचा इंजेक्शनशी संबंध असू शकतो असं संशोधकांनी नोंदवलं. असू शकतो, आहेच असं नाही. तुमच्या पत्रात हृदयाचा उल्लेख नाही, पण झडप बदललेली असेल किंवा पूर्वी झडपेचा जंतुसंसर्ग झालेला असेल तर सुई घेण्याआधी हे सांगा. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते आहे.

साखरेचं काय? वाढणार. सांध्यातलं औषध थोडं रक्तात उतरतंच. काही तासांत साखर चढायला लागते, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त असते आणि साधारण आठवड्याभरात खाली येते, कुणाला थोडे जास्त दिवस लागतात. तुमची सरासरी ७.४ आहे, तेव्हा यासाठी इंजेक्शन नाकारायचं कारण मला दिसत नाही. पण इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडा घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी, असं दोनदा बघा. नेहमीपेक्षा ५०-१०० नं जास्त दिसली तर पाणी प्या, आहार सांभाळा, घाबरून गोळी स्वतःच्या मनानं दुप्पट करू नका. साखर ३०० च्या वर टिकून राहिली, खूप तहान लागली, मळमळ सुरू झाली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. तो फोन शक्यतो इंजेक्शनच्या आधीही एकदा करा. हाडांचे आणि मधुमेहाचे डॉक्टर एकमेकांशी आपणहून बोलतात या समजात राहू नका.

बाकीचे त्रास किरकोळ. एक-दोन दिवस चेहरा लालसर आणि गरम होतो, रात्री झोप लागत नाही, रक्तदाब थोडा वर जातो. भुलीच्या औषधानं पुढची नस बधिर झाली तर काही तास मांडी लटपटते, गुडघा अचानक दुमडतो. म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नका आणि सोबत कुणाला तरी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत, आणि स्वतःहून तर कधीच थांबवू नयेत. रिटोनाविर असलेली विषाणूविरोधी औषधं चालू असतील तर तेही सांगायचं, कारण त्यांनी शरीरातलं हे स्टेरॉइड लवकर निचरत नाही आणि साचून त्रास देतं.

आणि एक हिशेब सगळ्यांचाच चुकतो. खांद्यात, कंबरेत, टाचेत घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही याच खात्यात जमा होतात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल एका इंजेक्शननंतर काही दिवस, कधी काही आठवडे दबलेलं राहतं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन सांध्यांत एकेक दिलं तर प्रत्येकाच्या वहीत 'एकच' लिहिलेलं असतं.

मग मी एकच इंजेक्शन का म्हणते, आणि तेही का घ्यायचं? कारण दुखण्यानं तुम्ही चालणं सोडलंय, आणि चालणं सोडल्यानं खुब्याभोवतीचे स्नायू वाळत चाललेत. दोन-अडीच महिने दुखणं उतरलं तर त्या काळात व्यायाम करता येतो. तेवढ्यासाठीच ते घ्यायचं. भाच्याला या कामाला लावा, तो घरातलाच आहे. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पाठीवर झोपून कुल्हे उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, असे व्यायाम त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असतील. दुखत नाही म्हणून पळत सुटायचं नाही, पहिले दोन दिवस तर नुसतं घरातल्या घरात. आणि काठी! ती डाव्या हातात धरायची, म्हणजे दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजव्या हातात धरून उजव्या पायावर लंगडणारी माणसं रोज दिसतात आणि त्यांना त्या काठीचा निम्माच उपयोग होतो. वजन जास्त असेल तर चार-पाच किलोही उतरवलेत तरी खुब्यावरचा भार जाणवण्याइतका कमी होतो. चोळायच्या मलमांवर मात्र खर्च करू नका. गुडघ्याला त्यांचा थोडा उपयोग होतो, खुबा इतका खोल की तिथवर ती पोचतच नाहीत.

गुण आला नाही, किंवा तीन-चार आठवड्यांतच दुखणं पूर्वीसारखं झालं, तर दुसऱ्या इंजेक्शनचा हट्ट धरू नका. पहिल्यानं जे केलं नाही ते दुसरं क्वचितच करतं. चांगला गुण येऊन चार-सहा महिन्यांनी दुखणं परतलं आणि ऑपरेशन काही कारणानं लांबणारच असेल, तर दुसऱ्याचा विचार करता येतो, पण आधी नवा एक्स-रे आणि मग चर्चा. इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुखणं पहिल्यापेक्षाही वाढलं, पाय आखूड झाल्यासारखा वाटला, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट बघू नका. त्याच आठवड्यात एक्स-रे काढा.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. "स्टेरॉइड नको ना, मग वंगणाचं घ्या, किंवा तुमच्याच रक्तातून काढलेलं घ्या, त्याचा काही त्रास नाही." पहिलं हायलुरोनिक आम्लाचं, दुसरं पीआरपी. दोन्ही महाग, दोन्ही ऐकायला निरुपद्रवी. पण ज्या अमेरिकन संघटनेनं २०१९ मध्ये खुब्यात स्टेरॉइडची शिफारस केली, तिनंच याच सांध्यासाठी या दोन्हींच्या विरोधात तितकीच ठाम शिफारस केली आहे, आणि 'नाइस'ही हायलुरोनिक आम्ल देऊ नका असंच म्हणते. सुई शेवटी तीच, तेवढीच खोल जाणारी, जंतूंचा धोकाही तोच. तेव्हा त्या वाटेला न गेलेलं बरं.